यंत्राने पेरावे, जिवाणूंनी रंगवावे

आगरच्या थरावर जिवंत सूक्ष्मजीव ठरावीक जागी ठेवायचे, त्यांना वाढू द्यायचे आणि त्यांच्या वसाहतींच्या रंगांतून चित्र उमटू द्यायचे, या कलाप्रकाराला आगर-कला म्हणतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग अशी चित्रे हौसेने काढत. लाल रंगासाठी सेरेशिया मार्सेसेन्स, जांभळ्यासाठी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम अशी त्यांची रंगपेटी होती. प्रत्येक जिवाणूचा वाढण्याचा वेग वेगळा, म्हणून सगळे रंग एकाच वेळी भरावर यावेत अशा बेताने ते एकेक जिवाणू मागेपुढे पेरत. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजी ही संस्था २०१५ पासून या कलेची स्पर्धा भरवते. पहिल्या वर्षी मेहमेत बर्कमेन आणि चित्रकार मारिया पेनिल यांचे 'न्यूरॉन्स' पहिले आले. यंत्रमानवाचा हात या कलेत अलीकडे आला.

प्रयोगशाळेत अशा कामाला येणारी यंत्रे तीन जातींची असतात. पहिली पिपेट चालवणारी. ओपनट्रॉन्स कंपनीचे ओटी-२ हे त्यांतले शिक्षणसंस्थांत बऱ्यापैकी परिचित यंत्र. ते पायथनमध्ये लिहिलेल्या आज्ञांप्रमाणे टिप उचलते, द्रव ओढते आणि सांगितलेल्या जागी सोडते. दुसरी जात टाचण्यांची: प्लास्टिकच्या पट्टीवरच्या ९६, ३८४ किंवा १,५३६ टोकांनी एका प्लेटवरच्या वसाहती उचलून दुसरीवर एकाच दमात टेकवायच्या. तिसरी जात ध्वनीची. इको नावाचे यंत्र खालून ध्वनिलहरींचा ठोका देऊन २.५ नॅनोलिटरचा थेंब वर उलट्या धरलेल्या प्लेटवर उडवते. टिप नाही, स्पर्श नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात जेफ बोके यांच्या प्रयोगशाळेत रंगीत यीस्टची चित्रे अशा यंत्राने छापली गेली आहेत. तपशील हवा असेल तर या तिसऱ्या जातीला तोड नाही, पण तिची किंमत सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून पुढचे सगळे विवेचन पिपेटच्या यंत्राला, त्यातही ओटी-२ला धरून केले आहे.

यंत्र वापरायचे कशासाठी, हे आधी ठरवावे. कुंचल्याने किंवा दाभणासारख्या तारेने हाताने काढलेली रेघ यंत्राच्या ठिपक्यांपेक्षा बहुतेक वेळा अधिक जिवंत असते, आणि एकच प्लेट करायची असेल तर हाताने काम लवकरही उरकते. यंत्राची खरी कमाई तीन ठिकाणी आहे: तेच चित्र दहा प्लेटांवर सारखे काढणे, एकाच कल्चरच्या वेगवेगळ्या विरलनांनी छटा देणे, आणि दोन जिवाणू मोजक्या प्रमाणात मिसळून ते कसे भिडतात हे पाहणे. या तिन्हींपैकी काहीच नको असेल तर यंत्राचा खटाटोप करू नये.

जिवाणूंची निवड रंगावरून नव्हे, सुरक्षिततेवरून सुरू होते. फ्लेमिंग यांची रंगपेटी आज जशीच्या तशी उचलण्यासारखी नाही. सेरेशिया मार्सेसेन्सचा लाल रंग देखणा असला तरी तो जिवाणू दुबळ्या रुग्णांत संसर्ग करतो. क्रोमोबॅक्टेरियमचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेतू शकतो. नवख्या गटाने ई. कोलायचे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले, निरुपद्रवी के-१२ कुळातले वाण (उदाहरणार्थ डीएच५ अल्फा) किंवा बेकरीचे यीस्ट घ्यावे. जनुकीय बदल केलेले काहीच वापरायचे नसेल तर यीस्टचा एडीई२ जनुक बिघडलेला वाण उपयोगी पडतो. त्याच्या पेशींत मधल्या टप्प्यावरचा एक पदार्थ साठतो आणि वसाहत लालसर होते. नेहमीचे पांढरट यीस्ट सोबत घेतले की दोन रंग हाती येतात, आणि पहिल्या चित्राला दोन रंग पुष्कळ. पिवळ्यासाठी मायक्रोकॉकस ल्युटियस आहे, मात्र तो सावकाश वाढतो. पसरत जाणारे जिवाणू, उदाहरणार्थ प्रोटियस, चित्राच्या कामाचे नाहीत. रात्रीत ते सगळी प्लेट व्यापतात.

भारतातल्या संस्थांना ओळखीचे, खात्रीचे वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीतून मागवता येतात. नाल्यातून, मातीतून किंवा हाताच्या तळव्यावरून मिळालेला अनोळखी रंगीत जिवाणू चित्रात घेऊ नये. प्लाझ्मिड घातलेला ई. कोलाय वापरायचा असेल तर तो जनुकीय बदल केलेला जीव ठरतो. धोका सर्वांत खालच्या वर्गातला असला तरी काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवून, नोंदणीकृत प्रयोगशाळेतच करावे. घरचे स्वयंपाकघर आणि शाळेचा वर्ग या दोन्ही जागा या कामाच्या नाहीत.

ई. कोलायला स्वतःचा रंग नसतो. तो प्लाझ्मिडमधून येतो. एक गट चमकणाऱ्या प्रथिनांचा. यातले मूळ हिरवे प्रथिन एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधले. त्याच्या शोधासाठी आणि विकासासाठी शिमोमुरा, शाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत याच कुळातल्या नाना रंगांच्या प्रथिनांनी पेट्री डिशवर सॅन दिएगोचा समुद्रकिनारा रंगवला होता. हा गट विशिष्ट प्रकाशातच खुलतो. दुसरा गट साध्या उजेडात दिसणाऱ्या रंगीत प्रथिनांचा. प्रवाळातून मिळालेले अमिलसीपी हे गडद निळे प्रथिन त्यातले प्रसिद्ध. प्रदर्शनात मांडायला दुसरा गट सोयीचा, पण त्याचे रंग भरायला अनेकदा दोन दिवस लागतात, आणि एवढे प्रथिन बनवण्याच्या ओझ्याने पेशी हळू वाढतात.

निवडलेल्या सगळ्या प्लाझ्मिडांवर एकाच प्रतिजैविकाचा प्रतिकार असला पाहिजे, नाहीतर ते एका प्लेटवर नांदणार नाहीत. निवडीला वाव असेल तर ॲम्पिसिलिनऐवजी कॅनामायसिन घ्यावे. ॲम्पिसिलिन निकामी करणारे विकर पेशींबाहेर पडते, औषध संपत जाते, आणि प्लाझ्मिड गमावलेल्या रंगहीन पेशी माजून दुसऱ्या दिवशी ठिपका फिका पडतो.

माध्यम नेहमीचे एलबी आगर: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट अर्क, १० ग्रॅम मीठ आणि १५ ग्रॅम आगर. १२१ अंश सेल्सियसला ऑटोक्लेव्ह करून ५० ते ५५ अंशांपर्यंत निवल्यावर प्रतिजैविक घालावे. यंत्राची टिप रुतू नये म्हणून आगर २० ग्रॅमपर्यंत वाढवले तरी चालते. चमकणाऱ्या प्रथिनांसाठी माध्यमात बारीक सक्रिय कोळसा मिसळून पार्श्वभूमी काळी करतात. कोळसा तळाला बसतो, म्हणून ओतण्याआधी बाटली हलक्या हाताने फिरवावी. फेस मात्र होऊ देऊ नये.

या कामातला सर्वांत नाजूक भाग चित्र किंवा प्रोग्रॅम नाही, तर आगरच्या पृष्ठभागाची उंची. ओटी-२ला डोळे नाहीत. पृष्ठभाग कुठे आहे हे त्याला कळत नाही. सांगितलेल्या उंचीवर ते टिप नेते आणि थेंब सोडते. १ मायक्रोलिटरचा गोल थेंब सुमारे १.२ मिलिमीटर व्यासाचा असतो. एवढा हलका थेंब आपल्या वजनाने टिपेवरून सुटत नाही, लोंबत राहतो. तो पृष्ठभागाला टेकला तरच आगर त्याला ओढून घेते. म्हणजे टिप १ मिलिमीटरपेक्षा वर राहिली तर थेंब टिपेलाच चिकटून पुढच्या ठिपक्यात मिसळतो, आणि शून्याच्या खाली गेली तर आगरला भोक पडते. भोकात गेलेले जिवाणू आत वाढतात आणि ठिपका अंधुक दिसतो. साधारण ०.३ ते ०.८ मिलिमीटर एवढीच खिडकी कामाची असते.

ही खिडकी सांभाळायची तर तीन गोष्टी कराव्या लागतात. प्लेट ओतताना टेबल पाणसळीने तपासावे. ८० मिलिमीटरच्या चित्रात फक्त १ अंशाचा उतार असला तरी दोन टोकांच्या उंचीत १.४ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि एवढ्याने अर्धे चित्र हातचे जाते. दुसरे, प्रत्येक प्लेटमध्ये माध्यम मोजूनच ओतावे. ९० मिलिमीटरच्या डिशचा आतला व्यास सुमारे ८६ मिलिमीटर धरला तर २५ मिलिलिटर माध्यमाचा थर ४.३ मिलिमीटर होतो. १ मिलिलिटर कमी-जास्त झाले की उंची ०.१७ मिलिमीटरने बदलते. तिसरे, छपाईच्या अगदी आधी प्लेट तराजूवर ठेवावी. रिकाम्या डिशचे वजन वजा केले की आगरचे वजन मिळते. १ मिलिलिटर म्हणजे जवळपास १ ग्रॅम असा हिशेब करून त्यावरून उंची काढावी आणि ती प्रोग्रॅममध्ये त्या-त्या प्लेटसाठी वेगळी द्यावी. ओतल्या दिवशीचे वजन आठवड्याने चालत नाही, कारण मधल्या काळात पाणी उडून थर खाली गेलेला असतो.

पृष्ठभागावर ओल असेल तर थेंब वाहतात आणि शेजारच्यात मिसळतात. ताज्या प्लेटा झाकण काढून लॅमिनार फ्लोमध्ये अर्धा तास तरी वाळवाव्यात. फार वाळवल्या तर कडेला आगर डिशपासून सुटू लागते, आणि वजनाचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

प्रयोगशाळेतल्या प्लेटांचे ठरलेले माप १२७.७६ गुणिले ८५.४८ मिलिमीटर आहे आणि यंत्राचे खणही त्याच मापाचे असतात. या मापाची आयताकृती, एकाच खणाची प्लेट मिळाली तर काम सोपे होते. गोल डिश वापरायची तर तिच्यासाठी त्रिमितीय छपाईने बैठक करून घ्यावी. ९० मिलिमीटरची डिश खणाच्या रुंदीबाहेर थोडी डोकावते, म्हणून तिच्या मागचा-पुढचा खण रिकामा ठेवलेला बरा. बैठक सैल नसावी. डिश अर्धा मिलिमीटर सरकली तरी दुसऱ्या रंगाचे ठिपके पहिल्यावर चढतात. डिशच्या कडेला एक खूण करून ती बैठकीवरच्या खुणेशी जुळवावी. दुसऱ्या दिवशी दुसरा रंग पेरायचा असेल तर हीच खूण उपयोगी पडते.

चित्र ठिपक्यांत मोडताना ठिपक्यांमधले अंतर हा पहिला निर्णय. १ मायक्रोलिटरचा थेंब आगरवर बसल्यावर सुमारे २ मिलिमीटर पसरतो, आणि वाढल्यावर त्याहून मोठा होतो. म्हणून २.५ मिलिमीटर अंतर ठेवले तर एकाच रंगाचा भाग सलग भरलेला दिसतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात या अंतराने जवळपास ८०० ठिपके बसतात. एवढ्या ठिपक्यांत माणसाच्या चेहऱ्याची ओळख पटणे कठीण. पान, पक्षी, मोठी अक्षरे, जाड रेघांची नक्षी मात्र छान बसते. ठिपक्यांच्या रांगोळीत जे नेटके जमते तेच येथे जमते, असा अंदाज धरायला हरकत नाही. छायाचित्र घ्यायचेच असेल तर ते आधी सुमारे ३२ गुणिले ३२ चौकटींपर्यंत लहान करून, रंग दोन-तीनवर आणून, पडद्यावर दुरून पाहावे. तिथे ओळखू येत नसेल तर प्लेटवर येणार नाही.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ठिपका डिशच्या मध्यापासून मोजलेल्या क्ष आणि य अंतराने लिहावा. वरच्या मापाच्या खणात हा मध्य डाव्या कडेपासून ६३.८८ आणि पुढच्या कडेपासून ४२.७४ मिलिमीटरवर येतो. मध्यापासून ४० मिलिमीटरच्या पलीकडचा कोणताही बिंदू प्रोग्रॅमनेच नाकारावा अशी अट घालावी. टिप डिशच्या भिंतीला आपटली तर पिपेटचेच नुकसान. एक रंग, एक टिप, आणि तो रंग पूर्ण संपल्यावरच दुसरा. ओळी नागमोडी क्रमाने घ्याव्यात, म्हणजे यंत्राच्या फेऱ्या वाचतात. पी२० पिपेट १ ते २० मायक्रोलिटर हाताळते. एका वेळी २० ओढून १८ ठिपके द्यावेत आणि उरलेले मूळ नळीत परत सोडावे, कारण शेवटच्या थेंबांत हवा येते. द्रव सोडण्याचा वेग कमी ठेवावा, थेंब टेकल्यावर क्षणभर थांबून टिप सरळ आणि सावकाश वर घ्यावी. घाईने उचललेली टिप ठिपक्याला शेपूट लावते.

खरे कल्चर वापरण्याआधी प्रोग्रॅम संगणकावर आभासी चालवून पाहावा. मग एका जादा प्लेटवर खाण्याचा रंग मिसळलेल्या पाण्याने मध्य आणि चार टोके असे पाच ठिपके द्यावेत. पाचही गोल आणि सारखे आले तरच पुढे जावे. ही पाच मिनिटे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. तो बहुधा महागात पडतो.

कल्चर आदल्या संध्याकाळी द्रव माध्यमात, प्रतिजैविकासह, ३७ अंशांना शेकरवर लावावे. सकाळी ते ताज्या माध्यमात पातळ करून सर्व रंगांची दाटी सारखी करावी. ६०० नॅनोमीटरला मोजलेली प्रकाशीय घनता १ असेल तर ई. कोलायच्या सुमारे ८० कोटी पेशी दर मिलिलिटरमध्ये असतात, म्हणजे १ मायक्रोलिटरच्या थेंबात ८ लाख. अशा थेंबातून सलग, भरीव ठिपका उगवतो. तेच कल्चर १० हजार पट पातळ केले तर थेंबात सुमारे ८० पेशी येतात आणि ठिपक्याऐवजी बारीक वसाहतींचा झुपका दिसतो. १ लाख पट केले तर सरासरी आठच. ही सरासरी असल्याने कुठे चार, कुठे बारा निघतात आणि त्या भागाला नैसर्गिक खरखरीतपणा येतो. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात काळ्या ठिपक्यांच्या आकाराने राखाडी छटा येते. येथे ती पेशींच्या संख्येने आणता येते. हाताने हे साधणे जवळपास अशक्य, आणि यंत्राचा खरा उपयोग मला येथेच वाटतो.

दोन रंगांची कल्चरे मिसळून तिसरा रंग मिळेल असे गृहीत धरू नये. जो वाण जलद वाढतो तो ठिपका काबीज करतो. मिश्रण करायचेच असेल तर वेगवेगळ्या प्रमाणांची एक चाचणी-ओळ आधी वाढवून पाहावी.

एका ठिपक्याला ३ सेकंद धरले तर ८०० ठिपक्यांना ४० मिनिटे लागतात. एवढा वेळ प्लेट उघडी राहते. पंखा आणि वातानुकूलन बंद ठेवावे, यंत्राचा दर्शनी पडदा लावून घ्यावा, गाळलेल्या हवेची जोडणी असल्यास वापरावी. प्रतिजैविकामुळे हवेतले बरेच जिवाणू वाढत नाहीत, बुरशीचे बीजाणू मात्र वाढतात. कल्चरच्या नळ्या थंड ठोकळ्यात ठेवाव्यात, म्हणजे छपाई चालू असताना दाटी वाढत नाही. पेशी तळाशी बसतात, म्हणून दर वेळी द्रव ओढण्याआधी पिपेटने दोन-तीनदा वर-खाली ढवळण्याची आज्ञा प्रोग्रॅममध्ये असावी. हळू वाढणारा वाण असेल तर तो आदल्या दिवशी पेरावा; फ्लेमिंग यांची युक्ती यंत्रालाही लागू आहे.

छपाई झाल्यावर थेंब आगरमध्ये मुरेपर्यंत प्लेट १५-२० मिनिटे सरळच राहू द्यावी. मग उलटी करून ई. कोलायसाठी ३७ अंशांना १६ ते २४ तास, यीस्टसाठी ३० अंशांना दोन दिवस ठेवावी. रंग कमी वाटला तर प्लेट आणखी ३७ अंशांत न ठेवता शीतकपाटात हलवावी. तिथे वाढ थांबते, पण आधीच बनलेली प्रथिने पक्व होत राहतात आणि रंग गडद होतो.

वाढीत एक गोष्ट हमखास दिसते. चित्राच्या कडेचे ठिपके आतल्यांपेक्षा मोठे आणि जाड होतात, कारण त्यांना एका बाजूने स्पर्धक नसतात आणि अन्न जास्त मिळते. टाचण्यांच्या यंत्राने हजारो वसाहती वाढवणारे संशोधक कडेला एक फालतू रांग पेरून तिचा हिशेबच करत नाहीत. चित्रकारालाही तोच उपाय आहे: रंगहीन वाणाचे एक वलय भोवती पेरावे. काळ्या माध्यमावर चमकणाऱ्या रंगांचे चित्र असेल तर ते वलय प्रकाशात दिसतही नाही. उलट, कडा ठळक हव्या असतील तर वलय न घालता हा गुण कामाला लावावा.

छायाचित्रासाठी झाकण काढावे लागते, त्यामुळे हे कामही प्रयोगशाळेत हातमोजे घालूनच करावे. चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनासाठी ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा दिवा आणि भिंगावर नारिंगी गाळणी पुरते. अतिनील दिव्यापेक्षा हा मार्ग डोळ्यांना सुरक्षित आहे. साध्या उजेडातल्या रंगांसाठी प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरका द्यावा, म्हणजे ओल्या पृष्ठभागाची चकाकी टळते.

प्लेट प्रदर्शनात न्यायची असेल तर झाकण चिकटपट्टीने बंद करावे, आणि जनुकीय बदल केलेले जीव असतील तर समितीच्या परवानगीशिवाय ती प्रयोगशाळेबाहेर नेऊ नये. मोठे छायाचित्र लावणे हा सोपा पर्याय आहे. काम संपल्यावर प्लेटा, टिपा आणि उरलेली कल्चरे १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करूनच टाकावीत. यंत्राचा डेक ७० टक्के अल्कोहोलने पुसावा. प्रत्येक वाणाचा साठा २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवावा, आणि त्यासोबत प्रोग्रॅम, प्लेटचे वजन, कल्चरची दाटी व वापरलेली उंची यांची नोंद असावी. तेच चित्र पुढच्या वर्षी पुन्हा काढताना एवढे साहित्य पुरते.